डुलांची पाठ

जुन्या दागिन्यांच्या बाजारात जिवंत माणसाची स्तुती करणं परवडत नाही; त्याच्या मालाचा भाव चढतो. माणूस गेला की मात्र सगळे तोंड भरून बोलतात. फुंकरशेठच्या शोकसभेला बसायला खुर्ची मिळेना, ती याचमुळे.

फुंकरशेठ हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. खडा हातात आला की ते त्यावर तोंडाची वाफ सोडत. हिऱ्यावरून ती लगेच उडते, काचेवर रेंगाळते. म्हणजे ती फुंकर नव्हतीच; पण बाजाराला वजनाखेरीज कुठल्याच बाबतीत नेमकेपणा सोसत नाही.

वाफ नंतरची. त्याआधी ते दागिना उलटा करत. "समोरून कुणीही गोड बोलतं," म्हणायचे, "पाठीमागे काय आहे ते बघा." मग पाठ न्याहाळता न्याहाळता त्यांची डावी भुवई वर गेली, की माल खरा. ओठ आवळले, की समोरचा मुकाट्याने पुडी बांधायला घ्यायचा. बाजार हुशार. दागिन्याची पाठ वाचायला शिकण्यापेक्षा शेठची भुवई वाचणं सोपं, हे त्याने लवकर ओळखलं. मी त्यांच्या दुकानाच्या जाहिराती लिहायचो आणि मला हिऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. पण भुवई मलासुद्धा वाचता यायची.

विकायची नाही अशी एकच वस्तू त्यांच्याकडे होती, त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, डूल. मेणबत्तीच्या काळात घडवलेले, मागून पूर्ण बंद कोंदणाचे. अशा कोंदणात खड्याखाली चांदीचा पातळ वर्ख असतो, आणि ज्योत हलली की तो आतून पेट घेतो. त्या डुलांना शेठ दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. स्वतः कोरड्या कुंचल्याने पुसत. कधी लहर आली की वहिनींच्या कानात घालत, घरातले दिवे मालवत आणि मेणबत्ती लावून समोर बघत बसत. वीजबिल थकलं असेल असं समजून एकदा शेजारी चौकशीला आले होते.

शेठ गेले तेव्हा वहिनींनी मुलाकडे एवढंच मागितलं. "सभेला मी ते डूल घालणार. बाकी दुकान विका, ठेवा, मला विचारू नका."

मुलाचा आईवर जीव. सगळा बाजार बघणार, डूल जरा उजळून घ्यावेत, असं त्याला वाटलं, आणि त्याने ते शेठच्या पट्टशिष्याकडे दिले. शिष्याचंही शेठवर तेवढंच प्रेम. त्याने ते नोकराकडे न सोपवता स्वतःच्या हाताने साबणाच्या कोमट पाण्यात घातले आणि दागिने धुण्याचं यंत्र सुरू केलं. मी तेव्हा त्याच्याच समोर बसून त्याचं भाषण तपासत होतो.

"'त्यांनी आम्हाला बघायला शिकवलं' की 'पाहायला शिकवलं'?" त्याने विचारलं.

"पाहायला. जास्त गंभीर वाटतं."

यंत्र मधमाशीसारखं गुणगुणत होतं.

सभेच्या दिवशी सकाळी वहिनींनी मला घरी बोलावलं. टेबलावर मेणबत्ती जळत होती, डबी उघडी होती. डुलांतले हिरे उकडलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे दिसत होते.

"पाणी शिरलं आत," वहिनी म्हणाल्या. "वर्ख गेला."

"नवा बसवता येईल ना?"

"येईल की. मग ते नवे डूल होतील. ह्यांनी बघितलेले नव्हेत."

मी मुलाला फोन करायला उठलो.

"बसा हो. त्याला कशाला? गळ्यात पडून रडेल, आणि समजूत मला काढावी लागेल." त्यांनी एक डूल कानात घातला. "आज सगळा बाजार एका ठिकाणी जमणार आहे. एकाच्या जरी लक्षात आलं ना भाऊजी, तरी मी समजेन, की हे काहीतरी मागे ठेवून गेले."

सभेत त्या पहिल्या रांगेत बसल्या, मी शेजारी. येणारा प्रत्येक जण वाकून हात जोडत होता.

"काकू, काय तेज आहे हो!"

"असं काम आता होत नाही."

व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी तर डोळे मिटून मान डोलावली. बघायला डोळे मिटावे लागतात हे मला नवीन होतं.

मग एक म्हातारा दलाल आला. तो थबकला. वाकला. चष्मा वर करून त्याने डुलांकडे बराच वेळ निरखून पाहिलं. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"वहिनी," तो कुजबुजला, "कधी विकायचे झाले तर आधी मला सांगा हं."

मनगटावरची पकड सुटली.

शिष्याचं भाषण फार सुरेख झालं. 'पाहायला शिकवलं'ला लोकांनी डोळे टिपले. खाली उतरून तो वहिनींसमोर आला.

"डूल कसे वाटतात रे?"

"उत्तम, काकू. शेठची नजरच ती!"

त्यांनी एक डूल काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "भिंग लाव."

त्याने खिशातून भिंग काढलं. मुलगा आला, दलाल आला, अध्यक्ष आले, घोळका जमला.

"उत्तमच आहे."

"उलटा कर."

त्याने डूल उलटा केला. पाठ सोन्याने पूर्ण बंद होती, आणि सांध्यातून तपकिरी ओघळ येऊन सुकला होता. शिष्याचं तोंड पांढरंफटक पडलं. मग त्याने मान वर केली आणि मंचावरच्या शेठच्या फोटोकडे पाहिलं. दलालाने पाहिलं. अध्यक्षांनी, मुलाने, मागच्या खुर्च्यांवरून उठून आलेल्यांनी, सगळ्या बाजाराने त्या डाव्या भुवईकडे पाहिलं. मीही पाहिलं.

फोटो पासपोर्टसाठी काढलेला होता. दोन्ही भुवया सरळ होत्या.

वहिनींनी डूल परत घेतला आणि सवयीने, आरशाशिवाय, कानात घातला. मग मंचापाशी जाऊन फोटोपुढची मेणबत्ती फुंकून टाकली.

"उगाच कशाला जळतेय," त्या म्हणाल्या.