स्वरूपाचं नाक

स्वरूपाचं नाक देवानं चांगलं फुरसतीनं घडवलं, आणि नेऊन टाकलं कुठं, तर रंगूबाईच्या घरात. आता देवाला तरी काय म्हणावं!

रंगूबाई तिची सासू. बावड्यात तिला ओळखत नाही असं पोर सापडायचं नाही. नवरा श्रीपती दारूनं गेला. त्याचे दिवस घातले आणि बाईनं गावातल्या बायका गोळा करून मतदान लावलं. चिठ्ठीवर दोनच चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला आणि दारूच्या दुकानाला कुलूप पडलं. तेव्हापासून आजूबाजूला कुठंही असं मतदान निघालं की रंगूबाईला न्यायला जीप येते.

आणि सून कामाला कुठं? बारामती एमआयडीसीत, परदेशी दारू पिंपानं आणून बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीत! घरी सांगितलेलं, सरबताची कंपनी. लग्न ठरताना ही थाप तिच्या नवऱ्यानं, राजवर्धननंच मारली होती. पगार बरा होता ना.

तिचं काम वास घ्यायचं. घोटभर तोंडात फिरवायचं, थुंकायचं आणि काय काय लागलं ते लिहायचं. आधी तिलाही वाटायचं, दारू म्हणजे सगळी एकच घाण. मग एक दिवस मेक्सिकोची बाटली उघडली आणि तिला हुरड्याची आगटी आठवली. चौकशी केली, तर ती निघाली घायपाताची. आपल्या बांधावर ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, ते तिकडं खड्ड्यात भाजून त्याची दारू करतात! स्कॉटलंडच्या व्हिस्कीला पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या पेटवल्यासारखा धूर. हंगेरीच्या वाइनला मध आणि वाळलेलं जर्दाळू. पुण्यापलीकडं पाऊल न टाकलेली ही बाई खुर्चीत बसल्या बसल्या देश फिरून यायची आणि हरखून जायची.

आता कंपनी तिला खरंच धाडणार होती. जॉर्जिया नावाचा देश आहे, तिथं मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात वाइन करतात. महिनाभर तिथं राहून शिकायचं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

पण घरी सांगणार कसं? राजवर्धन प्यायचा. वेलदोडा चघळत यायचा, पण वेलदोड्याखालचा देशी संत्रा दारूचा वास तिला उंबऱ्यातच कळायचा. रंगूबाईला कळत नव्हतं, कारण करोनात तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. स्वरूपा काही बोलायला लागली की तो हळूच म्हणायचा, "सांग की आईला. मीबी सांगतो, तू कुठं कामाला हायस ते." झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पाच वर्षं चाललं होतं हे.

रविवारी सकाळी रंगूबाई गोठ्यातनं एक चपटी बाटली घेऊन आली. वरचा कागद खरवडलेला.

"राजा, ही काय हाय?"

"उसावर मारायचं टॉनिक हाय, आई."

रंगूबाईनं बाटली सुनेपुढं धरली. "तुझं सरबताचा वास घ्यायचंच काम हाय. हुंगून सांग."

स्वरूपानं बूच काढलं. नुसतं "दारू हाय" म्हणाली असती तरी भागलं असतं. पण सवय वाईट. "देशी हाय. मळीची. संत्र्याचा अर्क घातलाय. उघडून दोन दिवस झाल्यात अन् वरनं हौदातलं पाणी घातलंय," असं सगळं तिच्या तोंडातनं निघून गेलं.

"एवढं कसं कळलं तुला?"

राजवर्धननं संधी साधली. "कळणारच की! तिची कंपनी सरबताची न्हाय, दारूची हाय. बाटली तिनंच आणली असंल."

स्वरूपानं बूच परत लावलं. "कंपनीचं खरं हाय, आत्या," ती म्हणाली. "पर तिथं नुसता परदेशी माल भरत्यात. बाटली माझी न्हाय."

रंगूबाई ओट्यावर टेकली. मग लेकाकडं वळली. "परदेशी माल भरणारी कंपनी संत्रा कशाला भरंल? बारा दुकानं बंद केल्यात म्या. मला शिकवतो व्हय रं?"

स्वरूपाला रडूच फुटलं. सुटले एकदाची, असं तिला वाटलं. त्या भरात तिनं सगळंच सांगून टाकलं, ते घायपात, ते थुंकणं, ते रांजण, तो महिना. रंगूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सुनेचा हात हातात घेतला.

"बावीस वर्षं म्या रोज सांजंला ह्याच्या बापाचं तोंड हुंगलं, पोरी. तरी गेला. आता माझं नाक मेलं, तर देवानं तुझं धाडलं. नोकरी सोड. परदेशाला न्हाय म्हणून सांग. हा घरी आला की तोंड हुंगायचं अन् मला सांगायचं. तुझ्याबिगर ह्यो वाचत न्हाय."

सासूनं शिवी दिली असती तर उलटून बोलता आलं असतं. मायेनं हात धरलेल्या बाईला काय बोलणार? सोमवारी स्वरूपानं कंपनीत फोन केला आणि दोन्हीला नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सात वाजता राजवर्धन आला. रंगूबाईनं त्याला दारातच उभं केलं. त्यानं निमूट आ केला. स्वरूपानं मान पुढं केली. वेलदोडा. तंबाखू. दुपारचा कांदा. त्याच्याखाली काहीच नव्हतं. प्यालाय म्हणावं, तर सासू म्हणणार, बघ, अजून तुझी गरज हाय. नाही म्हणावं, तर म्हणणार, बघ, तू हायस म्हणून पीत न्हाय. काहीही सांगितलं तरी तिला इथंच राहायचं होतं.

"न्हाय पिला," ती म्हणाली.

रंगूबाईनं सुनेच्या गालांवरनं हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

"उद्याबी सातलाच ये रं," तिनं लेकाला बजावलं. मग सुनेकडं बघून म्हणाली, "अन् तुला जरा सर्दी झाल्यागत वाटतीया. जप बाई. नाकाला काय व्हायला नगं."