धुरीचा श्वास

धुकं इतकं खाली उतरलं होतं की धुरीचे पाय दिसत नव्हते, करडी पाठ तेवढी तरंगत होती. पाय दुखावल्यामुळे घोडी चार महिने तबेल्यात बांधून होती. आज पहिल्यांदाच तिला दहा मिनिटं दुडक्या चालीने पळवली. थांबली तेव्हा नाकपुड्या फुललेल्या आणि कूस भात्यासारखी हलत होती.

जनावरांची डॉक्टर माझी भाचीच. तिने बजावलं होतं, "मामा, पंधरा मिनिटांनी श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या आत आला तर रोज थोडं वाढवू. नाही आला तर छातीत काहीतरी बिघडलंय." तसं झालं तर मालक धुरीला लांबच्या कुरणावर पाठवणार होते. नऊ वर्षं तिचा खरारा मी केला. तिकडे मला कोण बोलावतंय?

पंधरा मिनिटं तिला सावकाश फिरवलं. मग कुशीवर तळहात ठेवला, दुसऱ्या हातात घड्याळ धरलं. ऊब कोपरापर्यंत चढली. कूस वर यायची, खाली जायची, आणि धुकंही तिच्याबरोबर जवळ यायचं, मागे सरायचं. मैदान, तबेला, मी, सगळं ती श्वासाबरोबर आत घेत होती आणि हळूच बाहेर ठेवत होती. आकडा मात्र सुटला नाही. बावन्न.

मालक कठड्याला टेकून उभे होते. "किती?"

पंचवीस म्हणायला जीभ वळली होती. पण उद्या पळताना ती कोसळली तर?

"बावन्न."

मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीवाल्याला फोन लावायला कचेरीत गेले.

भाची आली तेव्हा मी धुरीच्या मानेला टेकून होतो.

"तोंड का उतरलंय?"

आकडा सांगितला. तिने घोडीला नीट न्याहाळलं. "बावन्न? ही? मोजा बरं माझ्यादेखत. मोठ्याने."

कूस वर आली. "एक." खाली गेली. "दोन."

"थांबा! हे दोन कुठून आले?"

"आत गेला तो एक, बाहेर आला तो दोन. सासऱ्यांनी शिकवलंय."

सासरे याच तबेल्यात राबले, आणि इथे सगळे असंच मोजायचे. कालच्यापेक्षा कमी की जास्त, एवढंच बघायचं असे. आकडा कधी कुणी विचारलाच नव्हता.

भाची पोट धरून हसली. "धन्य ते सासरे आणि धन्य त्यांचे जावई! अहो, आत-बाहेर मिळून एक. सव्वीस झाले. मालक कुठे आहेत?"

"फोनवर."

"मग बघता काय, पळा!"

या वयात पळालो. पायाखाली जमीन आहे की धुकं, कळत नव्हतं. कचेरीची चौकट धरून धापा टाकत उभा राहिलो.

मालकांनी फोन कानाजवळच धरला होता. "आधी दम घ्या. काय झालं?"

"सव्वीस," मी म्हणालो. "चूक माझी. घोडी बरी आहे."

भाची मागून येऊन ठेपलीच होती. तिने मान डोलावली. मालक फोनमध्ये म्हणाले, "गाडी नको पाठवू."