कुत्र्याच्या घराचं छप्पर आणि मी

मी शर्यतीच्या गाड्यांच्या छताचा आकार तपासायचा एक जुना साचा आहे. ॲल्युमिनियमचा, कमानीसारखा वळलेला. मित्रांनो, मला पाहून तुम्ही भंगारात टाकाल. पण उत्तर कॅरोलायनातल्या आमच्या छोट्या ट्रॅकवर शनिवारची शर्यत संपली, की जिंकणाऱ्याला घाम फुटायचा तो मला पाहूनच.

आमचे तपासनीस ओडेल क्रिस्प यांनी एका कोऱ्या गाडीच्या छतावर मला आखून कापलं. पुढे ती गाडी मोडीत गेली. छत मात्र ओडेलनी ठेवून घेतलं आणि तपासणीच्या शेडमागे आपल्या बिस्किट नावाच्या कुत्र्याच्या घरावर ठोकलं. तेच माझं जन्मस्थान.

माझं काम सोपं होतं. मला गाडीच्या छतावर ठेवायचं. मध्ये उजेड दिसला, की विजय रद्द. कारण छत मागून बोटभर दाबलं, तरी वारा कमी अडतो आणि गाडी पुढे सटकते.

लोक म्हणतात, मोठ्या ट्रॅकवर यंत्र जिंकतं आणि छोट्या ट्रॅकवर माणूस. मला विचाराल तर दोन्हीकडे आधी गॅरेज जिंकतं. ड्रायव्हर शूर असतात, हे मान्य. पण जो फार हसतो, त्याच्या गाडीत काहीतरी असतं. जो शर्यतीआधी फार वेळ प्रार्थना करतो, त्याच्याही. व्हर्जिल स्टेमी दोन्ही करायचा. त्याला मी दोनदा पकडलं.

फक्त एकावर मी विश्वास ठेवला. लमार गोफोर्थवर.

मोसमाची शेवटची शर्यत जवळ आली होती. लमार येऊन म्हणाला, "ओडेलकाका, साचा जरा नेऊ का? मागाहून नाचक्की नको. आधीच मोजून घेतो."

"बघा रे, याला म्हणतात सरळ माणूस!" ओडेल म्हणाले.

लमारने मला तेल लावून पुसलं. "हा आहे म्हणून ट्रॅकची अब्रू आहे," असंही म्हणाला. मग शिकंज्यात आवळून एक हिसका दिला. मित्रांनो, मी स्तुतीने इतका फुगलो होतो, की तोही कौतुकाचाच भाग वाटला.

शेवटची शर्यत रोंडाने जिंकली. व्हर्जिलची मुलगी. लमार दुसरा आला. या विजयाने मोसमाचं अजिंक्यपद तिचं होणार होतं, आणि तो रद्द झाला तर लमारचं. व्हर्जिल एका टायरवर खाली मान घालून बसला होता.

ओडेलनी मला तिच्या छतावर ठेवलं. मागचं टोक टेकलं. पुढे लख्ख उजेड.

"बापाचीच लेक!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"वाईट वाटतं गं रोंडा," लमार म्हणाला. "पण साचा काही कुणाचा सोयरा नाही."

मग मला त्याच्या गाडीवर ठेवलं. केससुद्धा आत जाणार नाही, असा मी बसलो. तेव्हा कुठे मला तो हिसका आठवला. लाज वाटली. ओरडावंसं वाटलं, पण साच्याला तोंड कुठे असतं?

रोंडा पुढे आली. "काका, माझ्या बाबांनी लबाडी केली होती, मी नाही म्हणत नाही. पण मी नाही केली. बाकीच्या गाड्यांवर लावून बघा."

तिसऱ्या गाडीवर मी बसलो नाही. चौथ्या गाडीवरही नाही. शेवटी ह्यूबर्टची गाडी आली. ती नेहमीच शेवटी येते, आणि तिचं दार तारेने बांधलेलं असतं.

"मला कशाला मोजता?" ह्यूबर्ट भडकला. "मी काय लबाडी करून शेवटचा आलो?"

सगळे हसले. मी त्याच्या गाडीवरही बसलो नाही.

ओडेल हसले नाहीत. "हॉटडॉगवर कोबी घालायचा की नाही, यावर तुमचं कधी एकमत होत नाही," ते म्हणाले. "आणि लबाडी तेवढी सगळ्यांनी सारखी केली?"

त्यांनी मला काखेत मारलं आणि शेडमागे निघाले. मागोमाग सगळे. बिस्किटच्या घरावर त्यांनी मला ठेवलं. ज्या छतावरून मी जन्मलो, त्याच्यावरही माझं पुढचं टोक अधांतरी राहिलं. सगळ्यांनी पाहिलं. बिस्किट माझ्यावर गुरगुरला.

"कुत्र्याच्या घरावरून मला पकडणार?" लमार म्हणाला.

"एवढ्या गाड्यांत हा वाकडा साचा एकाच, मागून दाबलेल्या छतावर बसतो, लमार. आणि साचा नेलाही एकानेच होता."

अजिंक्यपद रोंडाला मिळालं. व्हर्जिल गर्दीतून पुढे आला. त्याने हातातला हॉटडॉग कोबीसकट बिस्किटपुढे ठेवला.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. मोजायच्या वस्तू जपा, पण अधूनमधून त्यांनाही मोजा. मी जगावर संशय घेतला, आणि कौतुक करणाऱ्या हाताला मात्र सोडून दिलं. ओडेलनी मला सरळ केलंय. तरी दर शनिवारी ते मला आधी त्या छपरावर ठेवून पाहतात. सगळं जुळतं.

बिस्किट मात्र अजून माझ्यावर गुरगुरतो. त्याने तसंच गुरगुरत राहावं.