भिकाजीशेठने विमान का विकलं

विमान विकायचं असं भिकाजी भाटकरांनी कधी ठरवलंच नव्हतं. कोल्हापूरला एका लग्नात जेवताना शेजारच्या पाटावरच्या माणसाने सहज म्हटलं, "शेठ, तुमचं ते पुष्पक कंदी कुणाला द्यायचं झालं, तर आमाला सांगा बरं का." भिकाजीशेठ जिलबी मोडत होते. ते म्हणाले, "देऊ की. घेऊन जा."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. विचारणारा होता गंगाराम मगदूम, फाउंड्रीचा मालक, अंगाने आडवा, मनाने सरळ. स्वतः विमान चालवायला शिकलेला, पण स्वतःचं विमान नसलेला. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"चेष्टा करतायसा काय?"

"नाही," भिकाजीशेठ म्हणाले.

हो, चेष्टाच, असं म्हणायला अजून वेळ होता. पण तेवढ्यात वाढपी मठ्ठा घेऊन आला, मग कुणीतरी नाव घेण्याचा आग्रह धरला, नवरीने लाजत लाजत नाव घेतलं, सगळी पंगत हसली, आणि ती वेळ गेली ती गेलीच.

भिकाजीशेठचा रत्नागिरीत मिरकरवाड्याला बर्फाचा कारखाना होता. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत तेल घालायच्या कामावर होते. जहाज सोडल्यावर त्यांनी बर्फात पैसा मिळवला, आणि एक फ्लाइंग क्लब बंद पडला तेव्हा त्याचं हे दोन माणसांचं, कापडाने मढवलेलं विमान घेतलं. जुहूला राहून ते चालवायला शिकून आले. तेव्हा सगळी रत्नागिरी हसली होती. भाटकराला पुष्पक विमान मिळालं, आता सदेह स्वर्गाला जातो की काय, असं लोक म्हणत. पण शेठ स्वर्गाला न जाता बेळगावला जात, कोल्हापूरला जात, कधी नुसतेच गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन देवळाच्या कळसाला वरूनच नमस्कार करून येत. मिरजोळ्याच्या धावपट्टीच्या टोकाला त्यांनी पत्र्याची शेड बांधली, राखायला धाकू नावाचा गडी ठेवला. पावसाळ्यात कापडाला बुरशी धरू नये म्हणून शेडमध्ये कोळशाची शेगडी लावत. लोकांचं हसणं पुढे आपोआप थांबलं. पोरं विमान दिसलं की "शेठ चालले" म्हणत, एवढंच.

आणि आता शेठ ते विकत होते.

बातमी फुटल्यावर बाजारात त्यांना रोज कुणी ना कुणी कारण विचारू लागलं. म्हणजे विचारत नसत, सांगतच. "नजर कमी झाली ना शेठ? आमच्या वडलांचंही तसंच झालं," टेलर म्हणाला. शेठ "हो" म्हणाले. मासळीच्या लिलावात एक खलाशी म्हणाला की यंत्राच्या होड्या वाढल्या, बर्फाला मागणी वाढली, शेठना आता फुरसत कुठली? शेठनी त्यालाही मान डोलावली. एका ओळखीच्या भटजींनी तर शनीचं काहीतरी सांगितलं. शेठना प्रत्येक कारण ऐकताना क्षणभर वाटायचं, हेच असेल. घरी येईपर्यंत ते कारण अंगावरून उतरलेलं असायचं. नजर चांगली होती. कारखाना धाकटा भाऊ बघत होता. शनीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं.

एक कारण मात्र ते मनातल्या मनात धरून होते. मालन, त्यांची बायको.

मालनबाईंनी त्या विमानात कधी पाय ठेवला नव्हता. शेठ उडायला निघाले की त्या गप्प होत. विचारलं त्याला "हूं" म्हणत. डबा बांधून देत, पण "कधी येणार" असं कधी विचारत नसत. शेठ परत आले की चहा ठेवत आणि मगच बोलायला लागत, तेही भाजीवाल्याबद्दल नाहीतर शेजारणीबद्दल. सुरुवातीला शेठनी दोनतीनदा म्हटलं, "चल एकदा." त्या म्हणाल्या, "नको." मग शेठनी म्हणणं सोडून दिलं. हिला विमानाचा राग आहे, हे त्यांनी गृहीत धरून टाकलं. इतकी वर्षं हिने सोसलं, आता उतारवयात तरी हिच्या मनासारखं करावं, म्हणूनच आपल्या तोंडून "देऊ की" निघालं असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्यातल्या त्यात ती बरी वाटत होती.

गणपती गेले, पाऊस उघडला, आणि ठरल्याप्रमाणे मगदूम यायच्या दिवशी शेठ जीप काढायला गेले, तर मालनबाई लुगडं बदलून ओट्यावर उभ्या.

"कुठे?" शेठनी विचारलं.

"तुमच्याबरोबर. शेवटचं बघून येते."

शेठना बरं वाटलं की वाईट, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी जीप सुरू केली.

मगदूम एसटीने आला होता, हातात एक पिशवी. परतीचा प्रवास विमानाने, म्हणून सामान कमी. मिरजोळ्याच्या कातळावर पावसानंतरची पिवळी फुलं पसरली होती. धाकूने धावपट्टीवरची गुरं हाकलली आणि विमान ढकलत बाहेर काढलं. मगदूम विमानाभोवती फिरला, पंखांचं कापड बोटांनी वाजवून पाहिलं, चाकांशी उकिडवा बसला. शेठ त्याच्या मागे मागे फिरत सगळं सांगत होते. सांगताना त्यांना मधेच वाटायचं की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी विमानाबद्दल बोलतोय.

"आधी एक फेरी मारून बगतो शेठ," मगदूम म्हणाला. "येतायसा शेजारी?"

"मी बसते," मालनबाई म्हणाल्या.

शेठना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. धाकूनेही तोंड उघडं टाकून बाईंकडे पाहिलं.

"तू?"

"हो. चालेल ना भाऊ?"

"चालंल म्हंजे? या की वैनी!" मगदूमने दार उघडून धरलं. मालनबाईंनी पदर खोचला, शेठनी पुढे केलेल्या हाताकडे लक्ष न देता दांडीला धरून त्या वर चढल्या आणि बसल्यासुद्धा. पट्टा कसा लावायचा हे मगदूमने दाखवलं. धाकूने पंखा फिरवून इंजिन चालू केलं, गवत मागे झोपलं, आणि शेठ धुळीतून बाजूला झाले.

विमान पळत गेलं आणि उठलं.

भिकाजीशेठनी आपलं विमान उडताना कधी पाहिलंच नव्हतं. ते उडे तेव्हा शेठ आत असत. हा विचार इतक्या वर्षांत त्यांच्या मनात आला नव्हता, आणि आता आला तेव्हा ते मान वर करून नुसते बघत राहिले. केवढं लहान होतं ते! खालून पंखांचं कापड उन्हात पारदर्शक दिसत होतं, आतल्या बरगड्या दिसत होत्या. आपण इतकी वर्षं एवढ्याशा गोष्टीत बसून सह्याद्री ओलांडत होतो? आणि आत मालन. विमान समुद्राच्या दिशेला वळलं, आवाज बारीक होत गेला. मग आवाज गेलाच.

"भाट्याच्या दर्याकडं ग्येलं वाटतं," धाकू म्हणाला.

शेठ इकडून तिकडे फेऱ्या घालू लागले. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता आणि तो ऐकू येईपर्यंत दुसरं काही सुचतही नव्हतं. धाकूने विडी पुढे केली. शेठनी विडी कधीच सोडली होती, तरी घेतली, आणि पेटवायची विसरले.

"येतील वो शेट. बाईंना दर्या दाखवत आसल."

"ती कधी बसली नव्हती रे."

"व्हय तर."

"मग आज का बसली?"

धाकूला हे कसं ठाऊक असणार? त्याने खांदे उडवले.

मग उत्तरेकडून आवाज आला. शेठना तो आधी छातीत कळला आणि मग कानांना. विमान डोक्यावरून गेलं, वळलं, उतरताना थोडं डावीकडे ओढलं गेलं, मगदूमने सावरलं, आणि ते खडखडत येऊन उभं राहिलं. मालनबाई उतरल्या. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, बहुधा वाऱ्याचं. त्या सरळ शेठजवळ आल्या.

"आरे-वारेच्या किनाऱ्याच्या दोन्ही पुळणी एकदम दिसतात," त्या म्हणाल्या. "मधला डोंगर कसा पाय पसरून बसलाय! तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"मला वाटलं तुला आवडत नाही," शेठ म्हणाले. पण ते त्यांनाच नीट ऐकू आलं नाही, कारण मगदूम त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होता.

"पसंत! शेठ, लई झ्याक ठेवलंय. लेकरागत ठेवलंय."

पुढचं सगळं भराभर झालं. सह्या झाल्या, धाकूने टाकी भरली, मालनबाईंनी मगदूमला घरून आणलेला डबा दिला. मगदूम आत बसला. दार लावायच्या आधी त्याने एकदा शेठकडे पाहिलं. "बोला शेठ, अजून काय मनात असंल तर. मी रागावनार न्हाई."

शेठनी तोंड उघडलं. त्यांच्या मनात काय होतं? काहीतरी होतं खास, पण ते शब्दांत येईना. "ढग दिसले तर आंबा घाटावरून जाऊ नका," ते म्हणाले. "दक्षिणेकडून वळसा घ्या."

विमान गेलं. धाकू शेडमधल्या रिकाम्या जागेत उगाच झाडू मारू लागला.

जीपमधून परतताना मालनबाई बोलतच होत्या. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर वाळत घातलेली मासळी वरून चांदीच्या चटईसारखी दिसते. घरामागची विहीर दिसली, तिच्यात ऊन पडलं होतं. भगवती किल्ला एवढासा. शेठनी हे सगळं शेकडो वेळा पाहिलं होतं, म्हणजे त्यावरून गेले होते. विहिरीत पडलेलं ऊन त्यांनी पाहिलं नव्हतं. ते वाऱ्याकडे, काट्यांकडे आणि इंजिनाच्या आवाजाकडे बघत असत.

शेवटी त्यांनी जीप कडेला घेतली आणि थांबवली.

"मालन, तुला त्याचा राग होता ना?"

"कसला?"

"विमानाचा."

त्या खरोखर चकित झाल्या. "राग कशाला असेल?"

"मग तू कधी बसली का नाहीस? मी म्हणत होतो तेव्हा नको म्हणालीस."

"लवू लहान होता," मालनबाई म्हणाल्या. लवू म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, आता मुंबईला गोदीत नोकरीला होता. "दोघं एकदम वर गेलो आणि काही झालं असतं, तर त्याचं कोण? एकाने खाली राहायलाच हवं होतं. आज तुम्ही खाली होतात, म्हणून बसले."

"आणि तू गप्प का असायचीस?"

"आवाज ऐकत असायचे तुमच्या विमानाचा. बोललं की ऐकू येत नाही." त्यांनी पदराने मान पुसली. "गेल्या साली लवूचं लग्न झालं, तेव्हा मनात आलं होतं की आता दोघं बसलो तरी हरकत नाही. म्हटलं तुम्ही विचाराल."

समोरून लाकडांचा ट्रक आला, भोंगा वाजवून गेला. आपण हे विमान हिच्यासाठी विकलं, असं सांगावं का? सांगितलं तर हिला वाईट वाटेल. न सांगावं, तर मग कशासाठी विकलं? आणि खरंच हिच्यासाठी विकलं होतं का, की तेही टेलरच्या कारणासारखंच? त्यांनी विचार करायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी त्यांना पंक्तीतली जिलबी दिसायची आणि पुढे काहीच नाही.

त्यांनी जीप घराकडे न नेता कारखान्यावर नेली आणि कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला. मगदूमच्या फाउंड्रीचा नंबर. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. चूक झाली, परत द्या, असं काहीतरी. कॉल लागेपर्यंत दिवे लागले. मालनबाई तोवर कारकुनाच्या खुर्चीत बसून चहा प्यायल्या.

"शेठ!" पलीकडून मगदूमचा आवाज फुटला. "पोचलो! अगदी फुलागत आलं! समदी फाउंड्री बगायला आलती."

मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"एक सांगायचं राहिलं," भिकाजीशेठ म्हणाले. "उतरताना ते डावीकडे ओढतं."

"ते तितं तुमच्याकडंच कळलं मला, पैल्या फेरीला. उजवा पाय जरा आधी द्याचा, बास."

"हो. आधी द्यायचा."

"आनि काय शेठ?"

आणि काय? मागच्या दाराने गडी बर्फाची लादी घसरवत नेत होते. मालनबाई उठल्या, त्यांनी शेठच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"भाऊ, मी मालन. नवरात्रात आम्ही अंबाबाईला येणार. तेव्हा तुमचं विमान तासभर द्याल का? आम्ही दोघंच बसू. चालवतील हे."

पलीकडून मगदूम काय बोलला ते शेठना ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ बोलला. मालनबाई हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"हो म्हणाला. म्हणाला, विचारायला कशाला पाहिजे?"

"अगं, पण आता ते त्याचं आहे," शेठ म्हणाले.

"म्हणून तर त्याला विचारलं."

"मग मी विकलं कशाला?"

"ते मला काय ठाऊक?" मालनबाई म्हणाल्या. "विकलं तुम्ही." त्यांनी कपबशी उचलून खिडकीत ठेवली आणि घरी जायला जीपकडे निघाल्या. शेठनी गड्याला विचारलं की नवरात्र कधी बसतं. गड्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं, आणि शेठ चष्मा शोधू लागले.