भिंतीतली वायर आणि बाहेरची

आमच्या शोभाचं लग्न १९८४ च्या फेब्रुवारीत झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. पोरीला सासरी पाठवलं आणि आठवड्याभरात तिच्या मायनं, म्हणजे माझ्या घरधनिणीनं, लीलाबाईनं, अंथरूण धरलं. नागपूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की छाती कमजोर झाली आहे, हा उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. मी तिला काही बोललो नाही, पण लीलाबाईला माझ्या तोंडावरून कळलं.

रामाकोन्याच्या आमच्या विहारात इतकी वर्षं वंदना तीच सांगत आली होती. एक ओळ ती म्हणायची, मागून सगळे म्हणायचे. आता उठून गल्लीपलीकडे जाणंही होईना. विहारात नवीन माइक-मशीन आलं होतं, भिंतींना प्लास्टर व्हायचं होतं. तिच्या जागी आता वंदना सांगणारे पुंडलिकराव म्हणाले, वहिनीसाठी घराकडे तोंड करून भोंगा लावू. तिनं नको म्हटलं.

"भोंगा गावाले ऐकू जाते. मले बाजूले बसल्यावानी ऐकू आलं पायजे."

माझा पुतण्या सुखदेव बिजलीचं काम करायचा. तो म्हणाला, खाटेजवळ लहान डबा-स्पीकर ठेवू. वायर विहाराच्या भिंतीतून काढायची, मग कडूनिंबावरून आपल्या घरात. भिंतीतलं काम प्लास्टरच्या आधी व्हायला हवं. मी सौंसरला निघालो तेव्हा लीलाबाईनं जवळ बोलावलं.

"भिंतीतली चांगली आनजा. ते विहाराची हाय, मांगून कोनाले भिंत फोडता येनार नाई. बाहेरची माह्यी हाय. ते साधी चालते."

"साधी उन्हानं तडकते."

"तडकू द्या. मले कुठं धा वर्सं ऐकाचं हाय?"

सौंसरला केशवरावच्या दुकानात मी दोन्ही वायरी हातात घेऊन पाहिल्या. एक लाल-पिवळी, पिळाची, मांडवात बल्ब टांगायला वापरतात तशी. दुसरी काळी, जाड, विहिरीवरच्या मोटरला लावतात तसली. भिंतीसाठी मी काळीच घेतली, सोबत पाइप घेतला.

"पोरीचं लगन झालं, अन आता म्हातारपनी गाने ऐकून राहिले का?" केशवराव हसला. त्याला काही माहीत नव्हतं. "बाहेरची किती टिकाले पायजे, तेवढं सांगा."

हे कोणी विचारील असं माझ्या मनात आलं नव्हतं. मागे गिऱ्हाईक उभं होतं. "एक उन्हाळा," मी म्हणालो. त्यानं लाल-पिवळी मोजून दिली.

घरी आल्यावर तिनं वायर बोटांनी चाचपली. "दुकानदारानं काय इचारलं?"

"किती टिकाले पायजे म्हने."

"मंग?"

"एक उन्हाळा म्हनलं."

तिनं वेटोळं माझ्या हातात परत दिलं. "बरं केलं. शोभाले नका सांगजा."

सुखदेवनं काम करून दिलं. पहिल्याच संध्याकाळी डब्यातून वंदना आली, अगदी कानाशी. लीलाबाई पडल्या पडल्या ओठ हलवत होती. मध्येच म्हणाली, "पुंडलिकराव कायची घाई करून राहिले? बस सुटून राहिली का त्याइची?"

उन्हाळा निघाला. पाऊस लागला आणि विहारात वर्षावासातलं, पावसाळाभर रोज चालणारं ग्रंथाचं वाचन सुरू झालं. रोजचं वाचन संपलं की उद्या काय येईल ते ती मला सांगायची. भादव्यात आवाज तुटू लागला, मग बंदच पडला. सुखदेव झाडावर चढून पाहून आला.

"मोठी माय, वायर गेली. वरचं प्लास्टिक पार तडकलं."

लीलाबाई हसायला लागली. खोकला आला तरी हसत होती. "म्हंजे मी वायरीपरस टिकली."

सुखदेवला काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी दुसरीकडे पाहू लागलो.

"तिकडं काय पाहून राहिले?" ती म्हणाली. "जा, बस भेटते. वाचन अर्ध्यावर हाय. अन ह्या खेपेला काळी आनजा, जाडी."

पाच-सहा महिन्यांत तिनं पुढचं काही मागितलं नव्हतं. मी तसाच निघालो. केशवराव तोंड उघडणार त्याआधीच मी म्हणालो, "धा वर्सं टिकाले पायजे." त्यानं काळं वेटोळं काढलं. येताना बसमध्ये ते मांडीवर धरून बसलो.

आश्विन पौर्णिमेला वाचन संपलं. शोभा आली होती, ती मायजवळ खाटेवर बसून ऐकत होती. शेवटची वंदना डब्यातून आली तेव्हा लीलाबाईनं ती मोठ्यानं म्हटली, आणि शोभानं तिच्या मागून म्हटली.

लीलाबाई १९८४ सालच्या डिसेंबरच्या नऊ तारखेला, रविवारी सकाळी, रामाकोन्याच्या घरी वारली.