नारळाचा पाऊस

सकाळची घंटा व्हायच्या आधीच निंबवाडीच्या शाळेच्या आवारात जत्रा भरली होती. माकणीकडची माणसं बैलगाड्या जुंपून आली होती, नळदुर्गाकडून एक ट्रक भरून आला होता आणि बायका तर उजाडल्यापासून जागा धरून बसल्या होत्या. आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं. त्र्याहत्तर सालचा मृग कोरडा गेला होता आणि त्याच्या आदल्या सालची गोष्ट तर कुणी काढतच नव्हतं. तरीही जमलेल्या प्रत्येकाची खात्री होती, की रात्री पुन्हा पाऊस पडला असणार. कुठं पडला असणार? तर शाळेच्या कोपऱ्यात, तारेच्या कुंपणात, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेल्या सरकारी पर्जन्यमापकात. तेवढ्यातच.

"भक्तहो," जलधर महाराज हात वर करून म्हणाले, "पाऊस दोन जातींचा. एक स्थूल, एक सूक्ष्म. स्थूल पाऊस गाढवालाही दिसतो. सूक्ष्म पाऊस पुण्यवंतालाच कळतो. तुम्हां-आम्हांला तो दिसत नाही, म्हणून तर सरकारनं हे यंत्र ठेवलंय!"

"महाराज, त्यो स्थूल कवा पडायचा?" मागून एकानं विचारलं. "बैलं मरायला लागल्यात."

"आधी सूक्ष्म, मग स्थूल. आधी बी, मग झाड. घाई करशील तर बी जळेल, बेटा."

बेट्यानं हात जोडले. शंका विचारून बी जाळल्याचा आळ कोण अंगावर घेणार?

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यावर कलशावर ठेवतात तसा शेंडी वर करून नारळ होता, आदल्या संध्याकाळी महाराजांनी मंत्र म्हणत ठेवलेला. महाराजांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि आपल्या झोळीत घातला. मग मार्तंड गुरुजी पुढं झाले. त्यांनी नरसाळं काढलं, आतली बाटली बाहेर घेतली आणि काचेच्या मापात ओतली. पाणी होतं. आरडाओरडा, टाळ्या, घंटा यांनी शाळेची कौलं हादरली.

सोसायटीचे चेअरमन आबाराव रोज रात्री कुंपणाच्या फाटकाला बाज टाकून झोपत. ते छातीवर हात मारून म्हणाले, "कुलूप लावलेलं, किल्ली गुरुजींपाशी, आन् म्या फाटकात. मुंगी बी आत गेली न्हाय!"

थेंबथेंब तीर्थ वाटलं गेलं. ज्यांच्या हातावर पडलं, ते डोळे मिटून म्हणत, "गोड हाय! बिलकुल गोड! आपल्या हिरीचं पाणी आसं लागतंय व्हय?"

आता या मार्तंड गुरुजींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण महाराज काय, आज इथं तर उद्या तिथं. गुरुजी तुळजापूरच्या पुजारी घराण्यातले, पण पूजा सोडून मास्तरकीत पडलेले. महसूल मंडळाचं ठिकाण म्हणून सरकारनं पर्जन्यमापक निंबवाडीला दिला आणि राखायला मुख्याध्यापकाच्या, म्हणजे गुरुजींच्या गळ्यात बांधला. आसपासच्या साऱ्या गावांत पाऊस किती पडला, हे या एका भांड्यावरून ठरायचं. गुरुजींनी ते काम मनापासून केलं होतं. नरसाळ्यात लिंबाचं पान अडकलं तर काढायचं, कावळ्याची घाण पुसायची, कोळ्याचं जाळं झाडायचं, ओट्याभोवतीचं गवत वाढू द्यायचं नाही, भांडं कलतं झालं नाही ना ते बघायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की भांड्याचं तोंड उघडं पाहिजे. त्याच्या आणि आभाळाच्या मधे काही म्हणजे काही येता कामा नये.

इतकी वर्षं या कामाकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. फडकं घेऊन भांडं पुसणाऱ्या गुरुजींना गाव हसायचं. मग महाराज आले, ओट्यावरचं ते भांडं त्यांनी पाहिलं आणि भर गावासमोर गुरुजींच्या गळ्यात हार घातला. "तुम्ही मास्तर नव्हे, वरुणाचे पुजारी!" बस्स. एवढ्यावर गुरुजी विरघळले. महाराजांनी भांड्याच्या तोंडावर नारळ ठेवला, तेव्हा आपणच पाठ केलेला नियम गुरुजींना आठवला नाही असं नाही. आठवला; पण समोर अख्खं मंडळ हात जोडून उभं होतं, आणि त्यांनी तो गिळला. पहिल्या दिवशी बाटलीत पाणी निघालं, तेव्हा त्यांना ते खरं वाटलं नाही. तरी त्यांनी आकडा लिहिला आणि एस.टी.च्या कंडक्टरजवळ तालुक्याला धाडून दिला. दुसऱ्या दिवशी लिहिला, तिसऱ्या दिवशी तर हातही अडखळला नाही.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका विमलबाई. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली बाबासाहेबांमागून धम्म घेतला आणि मुलीला शिकवून मास्तरीण केलं. महाराजांच्या चेल्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना तीर्थाच्या रांगेत लांब उभं केलं होतं. बाई हसून वर्गात निघून गेल्या होत्या. पण गुरुजी आकडा लिहीत असताना त्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुजी, भांड्याचं तोंड नारळानं झाकलेलं. मग पाऊस आत शिरला कुठून?"

"यंत्रात पाणी आहे, बाई. आहे तर लिहायचं. आपलं काम मोजायचं."

"ओट्याखालची माती कोरडीठाक आहे. तीही मोजा की."

"तुम्हांला श्रद्धा नाही, म्हणून..." गुरुजी एवढं बोलले आणि पुन्हा आकड्याकडे वळले.

आठवडा सरला आणि दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर मुकादम महालिंगप्पा हुकूम घेऊन उभा राहिला. निंबवाडीच्या माळावर अर्धं मंडळ खडी फोडत होतं. हाताला काम होतं, म्हणून घरी मिलोची, परदेशी लाल ज्वारीची भाकरी होती आणि पोरांना सुकडीचा खाऊ मिळत होता. महालिंगप्पा म्हणाला, "काम बंद. मंडळात चांगला पाऊस झालाय म्हणं. पेरणीला लागा."

माणसांना आधी ती थट्टा वाटली. मग मुकादमानं हातोड्या मोजून गोळा करायला सुरुवात केली.

त्याच दुपारी विठाबाई शाळेत आली. नवरा गेल्यापासून ती खडी फोडून दोन जिवांचं भागवत होती, तिचं आणि गुलाबचं. गुलाब विमलबाईंच्या वर्गात होती. विठाबाईच्या डोळ्यांत दगडाची कच गेलेली, हातांना फडकी गुंडाळलेली. ती ओरडली नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली आणि म्हणाली, "गुरुजी, पाऊस कुठं पडलाय तेवढं सांगा. म्या तिथं जाऊन पेरते."

गुरुजी वहीची पानं उलटत राहिले.

"म्या बी हात जोडलं की त्या भांड्याला," विठाबाई म्हणाली. "माजं बी चुकलं आसंल. तीर्थ घेतलं, गोड लागलं, लेकीला बी चाटवलं. पर एक इचारू का? रोज नारळ वाहत्यात. आपल्याकडं देवाला वाहिलेला नारळ फुटतोय, खोबरं वाटत्यात. हितं एक दिवस बी तुकडा कुणाच्या हातावर पडला न्हाय. गुलाब रोज वाट बघती. आज तरी फोडतेल का वो?"

विमलबाई फळा पुसत होत्या. त्यांचा हात जागीच थांबला. "गोड," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, भांडं शेवटचं कधी पुसलंत?"

महाराज आल्यापासून गुरुजींनी फडकं हातात घेतलं नव्हतं. पुजाऱ्याला ते शोभलं नसतं. दोघं कुंपणात गेले. भांड्याच्या काठावर कुंकवाचा चिखल झाला होता, हळद, तेल, फुलांच्या पाकळ्या. गुरुजींनी नरसाळ्यात बोट फिरवलं, तर ते चिकटलं. आणि ओट्यावरून वर, सरळ भांड्याच्या तोंडापर्यंत, लाल मुंग्यांची रांग लागली होती.

"आबाराव म्हणत होते मुंगीसुद्धा आत गेली नाही," विमलबाई म्हणाल्या. "पावसाच्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत, गुरुजी."

गुरुजी तिथंच ओट्याला टेकून बसले. त्यांना सगळं कळलं होतं; खरं तर पहिल्या दिवसापासून थोडं थोडं कळतच होतं, आणि तेच त्यांना खात होतं.

दुसऱ्या सकाळी गर्दी होतीच, पण तिला काल काम गेल्याची कळा आली होती. महाराज ओळखून होते. "काम बंद झालं म्हणून रडता? अरे, हा शुभशकुन! सरकारनंसुद्धा माझा पाऊस मान्य केला!" असं म्हणून ते नारळ उचलायला वाकले. त्यांच्या आधी गुरुजींनी हात घातला.

"श्रीफळाला शिवू नका, मास्तर! कोप होईल!"

"व्हायचा तो झालाय," गुरुजी म्हणाले. त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला. मग आबारावांच्या कानाशी नेला. "चेअरमनसाहेब, वाजतो का?"

आबारावांनी ऐकलं. तोंड वाकडं केलं. "न्हाय वाजत."

गुरुजींनी नारळ ओट्याच्या कडेवर आपटला. दोन भकलं झाली. आत पांढरं शुभ्र, ताजं खोबरं होतं आणि पाण्याचा थेंब नव्हता. कोरडा नारळ निघणं म्हणजे अपशकुन, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत होतं.

विमलबाईंनी खालचं भकल उचलून वर धरलं. बुडाशी दाभणानं पाडलेलं भोक होतं, त्यात काथ्याचा बोळा. वर कुंकू थापलेलं. मग शेंडीखालचा डोळा दाखवला. तोही टोचलेला, कडेला मेण लागलेलं.

"डोळा मेणानं बंद असला की खालून पाणी गळत नाही," त्या म्हणाल्या. "झारीच्या वरच्या भोकावर अंगठा दाबला की धार थांबते ना, तसंच. संध्याकाळी नारळ ठेवताना महाराज शेंडी धरून मंत्र म्हणतात. बोटानं मेण निघतं, वरून हवा शिरते आणि रात्रभर थेंब थेंब भांड्यात. आबाराव फाटकात, कुलूप जागेवर, कुणी आत जायची गरजच नाही."

त्यांनी शाळेतली झारी आणून अंगठा ठेवून-उचलून दाखवली. गर्दीतून पुतळाबाई म्हातारी पुढं येऊन स्वतः अंगठा लावून बघू लागली आणि म्हणाली, "आगं बया! म्हंजी आमी नारळाचं पाणी पिऊन नाचलो व्हय?"

"महाराज कुठं हायेत?" आबाराव गरजले. महाराज नळदुर्गाहून आलेल्या ट्रककडे निघाले होते. पोरं धावली, चार जणांनी झोळीसकट त्यांना धरलं आणि पाचव्यानं पायताण काढलं.

"थांबा!" गुरुजी ओरडले. "त्याला पोलीस पाटलाच्या ताब्यात द्या. पण मारायचंच असेल तर आधी मला मारा. नारळ त्यानं ठेवला. आकडा मी पाठवला."

पाचव्यानं पायताण खाली टाकलं.

"या भांड्याचं तोंड एवढुसं आहे," गुरुजी म्हणाले. "एवढुशा तोंडात जे पडतं, ते साऱ्या मंडळावर पडलं असं सरकार धरतं. एका नारळाचं पाणी कागदावर तुमच्या सगळ्यांच्या शेतांत पडलं. यंत्र खोटं बोललं नाही. ते साक्षीदार आहे. दिसलं ते सांगतं. त्याचं तोंड मोकळं आणि स्वच्छ ठेवणं माझं काम होतं आणि मी तिथं कुंकू थापू दिलं, कारण मला हार आवडला. तुम्ही फसलात. मी फसलो नाही, मी गप्प बसलो."

"गुरुजी, ह्ये तालुक्याला सांगू नगा," आबाराव हळू आवाजात म्हणाले. "नोकरी जाईल तुमची. दोन दिवसांनी लिवा पाऊस थांबला म्हणून, मिटलं."

गुरुजींनी विठाबाईकडे पाहिलं. ती खोबऱ्याचं भकल हातात धरून उभी होती. त्यांनी फडकं मागवलं, सगळ्यांसमोर भांडं घासून पुसलं, नरसाळं धुतलं आणि मिळेल त्या एस.टी.नं तालुक्याला गेले.

साहेबानं त्यांना उभं आडवं झापलं, खुलासा मागितला, बढती रोखली. यंत्र मात्र त्यांच्याकडंच ठेवलं, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. पण काम बंद करायचा हुकूम जेवढ्या झपाट्यानं आला, तेवढ्या झपाट्यानं सुरू करायचा येत नाही. टपाल इकडून तिकडं फिरत राहिलं. मधल्या दिवसांत निंबवाडीतल्या किती चुली पेटल्या नाहीत, ते गुरुजींनी कुणाला विचारलं नाही; संध्याकाळी गावावरून नजर टाकली की कळत होतं. विठाबाईनं गुलाबला कळंबला मामाकडं पाठवून दिलं. खडी केंद्र पुन्हा सुरू झालं, पण गुलाब परत आली नाही. मामाकडं गुरं राखायला कुणीतरी हवंच होतं. हजेरी घेताना विमलबाई तिच्या नावाशी थांबत आणि शेजारच्या वर्गातून येणारा गुरुजींचा आवाजही बंद होई.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात एखादा जलधर येईल. त्याला प्रश्न विचारा: झाकलेल्या भांड्यात पाऊस कसा, कोरड्या मातीवर ओल का नाही, आणि नारळ फोडत का नाहीत? प्रश्नानं कुठलं बी जळत नाही. आणि ज्या भांड्यावर चार गावांची भाकरी अवलंबून आहे, त्याला हार नको, कुंकू नको. फडकं मारा आणि बाजूला व्हा.

काम सुरू झाल्यावर एका सकाळी विठाबाई हातोडी घेऊन शाळेवरून चालली होती. गुरुजी कुंपणात उभे होते. तिला बघून त्यांनी नजर चुकवली आणि बाटली मापात ओतल्यासारखं केलं. विठाबाई तारेपाशी थांबली. सवयीनं तिचे हात जोडले जायला आले, पण तिनं ते मागं घेतले. नरसाळ्यात लिंबाचं एक वाळलं पान पडलं होतं.

"त्ये पान काढा, गुरुजी," ती म्हणाली.

गुरुजींनी पान काढलं.

"आज किती हाय आत?"

"काही नाही, विठाबाई. कोरडं आहे."

"मग तसंच लिवा," ती म्हणाली आणि माळाकडं चालू लागली.

गुरुजींनी तसंच लिहिलं.