दलदलबाईची बाजू

जावयाने डॉक्टरबाईंना आपला गेम दिला तो निव्वळ रीत म्हणून. कंपनीतल्या प्रत्येकाला घरच्यांसाठी थोड्या प्रती फुकट मिळाल्या होत्या. एक त्याच्या आईवडिलांकडे गेली, एक मित्राकडे, आणि उरलेली बायकोच्या देखत सासूबाईंना द्यावी लागली.

'राखेचे बुरुज' असं गेमचं नाव. चार वीरांची टोळी घेऊन पडक्या किल्ल्यांमधून वाट काढायची. बुद्धिबळासारखी घरं आखलेली, एक चाल तुमची, एक शत्रूची. यातल्या लढायांची रचना जावयाची. शत्रू कुठून येणार, कोणाच्या अंगात किती बळ, कोण कशाने मरणार, हे सगळं तो ठरवायचा.

रविवारी त्याने विचारलं, "आई, बघितला का गेम?"

"हो, बघितला की. रंग छान आहेत."

जावयाचा जीव भांड्यात पडला. रंग छान आहेत म्हणणारा माणूस पहिल्याच किल्ल्याच्या दारात कंटाळलेला असतो, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. आणि तिसऱ्या किल्ल्यामागच्या दलदलीपर्यंत सासूबाई पोचू नयेत, अशी त्याची मनापासून इच्छा होती.

सासूबाई केव्हाच पोचल्या होत्या.

त्यांचा दवाखाना दातांचा. इंजेक्शन दिल्यावर हिरडी बधिर व्हायला थोडा वेळ जातो. इतकी वर्षं त्या तेवढ्या वेळात खिडकीतून समोरच्या इमारतीतले संसार बघायच्या. हल्ली गेम खेळायच्या. एका दुपारी खुर्चीत एक विमा एजंट अर्धं तोंड बधिर होऊन पडला होता आणि डॉक्टरबाईंची टोळी दलदलीत शिरत होती. धुक्यातून एक बाई पुढे आली. कडक इस्त्रीचा झगा, घट्ट बांधलेले केस. तिने वीरांच्या डोळ्यांकडे न बघता आधी दातांकडे बघितलं आणि म्हणाली, "माझं काय, तुम्हाला बरं वाटेल ते करा."

एवढं म्हटल्याबरोबर चारही वीरांचा धीर निम्म्यावर आला.

डॉक्टरबाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. हे वाक्य त्यांनी मुलीच्या लग्नाची जागा ठरवताना म्हटलं होतं, तिच्या सोफ्याचा रंग निवडताना म्हटलं होतं, आणि मागच्याच रविवारी जावयाने पंखा कितीवर ठेवू असं विचारल्यावर म्हटलं होतं.

"झालं का बधिर?" विमा एजंटाने ओठाच्या एका कोपऱ्यातून विचारलं.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझं व्हायचंय अजून."

उत्सुकतेपोटी त्यांनी आपल्या भालाईताला त्या बाईच्या मागे नेलं आणि एक लाथ मारून बघितली. बाई थेट चिखलात. वर नुसते बुडबुडे. त्यांनी दलदल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा लाथ, पुन्हा बुडबुडे. मग टोळीतल्या सगळ्यात मरतुकड्या वैद्याकडून लाथ मारवून बघितली, तरी तेच.

चित्राचा त्यांना राग आला नाही. चित्र हुबेहूब होतं. उलट आपल्याकडे कोणी एवढं निरखून बघत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. राग आला तो बुडबुड्यांचा.

दुसऱ्या एखाद्या सासूने मुलीला फोन लावला असता. डॉक्टरबाईंनी विमा एजंटाची दाढ काढली, हात धुतले आणि खेळणारे लोक जिथे आपली मतं लिहितात ते पान उघडलं. तिथे मतांचा पूर आला होता. एकाची तक्रार होती की धनुर्धारीचा नेम लागायची शक्यता पंचाण्णव टक्के दाखवतात आणि बाण मात्र शेजारच्या झाडात घुसतो; अशाने माणसाचा गणितावरचा विश्वास उडतो. एकीला घोड्याची शेपूट खटकली होती. एक जण शेवट बघून ढसाढसा रडला होता आणि त्याखालीच विचारत होता, की आवाज कमी कुठून करायचा. डॉक्टरबाईंनी सगळं वाचलं, 'अक्कलदाढ' असं नाव घेतलं आणि लिहिलं:

"दलदलबाईचा अभ्यास कोणीतरी फार जवळून केलेला दिसतो. बोलणं, बघणं, उभं राहणं, सगळं पटतं. मग एवढी जातिवंत शत्रू एका लाथेत चिखलात कशी जाते? अशी बाई आयुष्यात कोणाच्या लाथेने पडलेली मी पाहिली नाही. रचना करणाऱ्याने कोणावरचा तरी राग इथे काढलेला दिसतो. घरची भांडणं घरी ठेवावीत. खेळणाऱ्यांना नीट शत्रू मिळायला हवा."

झालं. त्याखाली होकारांची रांग लागली. दलदल फारच सोपी आहे हे सगळ्यांनाच वाटत होतं, फक्त का ते कोणाला सांगता आलं नव्हतं.

कंपनीच्या मालकाला सगळे दाढीवाला म्हणत. त्याने सकाळच्या बैठकीत ते मत मोठ्याने वाचून दाखवलं. 'कोणावरचा तरी राग' या शब्दांना जावयाचे कान लाल झाले. पण खोलीत सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून होते.

"पोरगा जे बोलतोय ते खरं आहे," दाढीवाला म्हणाला. अक्कलदाढ हा पोरगाच असणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. "एवढी भारी बाई आणि लाथेने मरते? तुला सुचलं तरी कसं?"

"तत्त्वतः तिचा तोल कमी आहे," जावई म्हणाला.

"वाढव."

त्याने वाढवला. आता दलदलबाई लाथेने पडेना, पण तलवारीने पडायची. अक्कलदाढचं दुसरं मत आलं: सुधारणा आहे, पण बाई हल्ला करताना किंचाळते, ते चूक. अशा बायका आवाज चढवत नाहीत. ती नुसती बघेल आणि समोरच्याच्या हातून तलवार आपोआप खाली येईल. दाढीवाल्याला हे इतकं आवडलं की त्याने ते मत कागदावर छापून भिंतीवर लावलं. जावयाला रोज त्या कागदासमोर बसून काम करावं लागे.

नव्या दलदलबाईने खेळणाऱ्यांची दाणादाण उडवली, आणि लोक तिच्या प्रेमातच पडले. तिच्यासमोर कोणाची टोळी किती वेळ टिकली याच्या बढाया सुरू झाल्या. एकाने लिहिलं, "तीन वीर गमावले. शेवटी तिला सॉरी म्हणायचं बटण शोधत होतो."

आता मात्र जावयाच्या डोक्यात तिडीक गेली. कंपनीच्या नावाने उत्तर देता येत नव्हतं, म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत 'चिलखत' असं नाव घेतलं आणि साध्या खेळाडूच्या आवेशात लिहिलं, की तत्त्वतः दलदलबाईला डोक्यावर चढवणं चूक आहे. प्रत्यक्ष आयुष्यात अशी माणसं भेटतातच. दमूनभागून माणूस खेळायला बसतो तो त्यांना निदान इथे तरी हरवता यावं म्हणून. तत्त्वतः हा प्रत्येकाचा हक्क आहे.

अक्कलदाढचं उत्तर एका ओळीचं होतं. "चिलखत यांचं लग्न झालेलं दिसतं."

त्या ओळीवर लोक इतके हसले की चिलखतने पुढचे कितीतरी दिवस मुद्देसूद लिहूनही कोणी त्याला गांभीर्याने घेईना. डॉक्टरबाईंनी मात्र दोन ठिकाणी 'तत्त्वतः' वाचल्या क्षणी हातातला आरसा खाली ठेवला होता. जगात हा शब्द भाजी चिरतानाही वापरणारा एकच माणूस त्यांच्या माहितीत होता.

हे सगळं पहिल्यापासून ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे डॉक्टरबाईंची मुलगी. ती रेडिओवर बातम्या वाचायची. पूर असो की क्रिकेट, एकाच सुरात सांगायची तिला सवय. गेम बाजारात यायच्या आधी नवऱ्याच्या मागे उभं राहून तिने दलदलबाई बघितली होती, आईला बिनचूक ओळखलं होतं आणि पाणी प्यायला निघून गेली होती. मग एकीकडून आई तिला फोनवर सांगायची, "आज त्या चिलखताची चांगली जिरवली." दुसरीकडून नवरा जेवताना कुरकुरायचा, "हा अक्कलदाढ कोण आहे कळलं ना, तर घरी जाऊन बोलेन त्याच्याशी." ती दोघांनाही "बरं" म्हणायची.

रविवारी दोघं समोरासमोर बसली की बोलण्यातून मध गळायचा.

"आई, उशी देऊ का पाठीला?"

"नको हो. तुम्हीच टेका. फार दमलेले दिसता हल्ली."

"काम आहे जरा. काही काही लोकांना कितीही करा, समाधान नसतं."

"असतात बाई अशी माणसं," डॉक्टरबाई हळहळल्या.

मुलीने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. ते उलटं होतं हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मग गेमचा दुसरा भाग तयार होऊ लागला. त्यात पहिल्यांदाच दलदलबाईच्या बाजूने खेळता येणार होतं. दाढीवाल्याने ठरवलं, की बाजारात आणायच्या आधी तो अक्कलदाढला दाखवायचा. आमंत्रण गेलं, स्वीकारलं गेलं. जावयाने घरी सांगितलं, "उद्या येतोय तो शहाणा. बघतोच."

"बघ," बायको म्हणाली. आईचाही फोन येऊन गेला होता. उद्या तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसला जातेय, त्याला सांगू नकोस म्हणून. तिने त्याला सांगितलं नाही. आणि उद्या तो मुद्दाम दारातच खुर्ची टाकून बसणार आहे, हे आईलाही सांगितलं नाही.

प्रत्यक्षात ऐन वेळी वायर सैल झाली आणि जावई टेबलाखाली शिरला. दार उघडलं. हेडफोन लावलेला कोणी पोरगा आला असेल म्हणून दाढीवाला स्वागताला पुढे झाला होता. समोर करड्या केसांच्या बाई उभ्या होत्या, हातावर पांढऱ्या कोटाची घडी.

"मी अक्कलदाढ," त्या म्हणाल्या आणि बोलताना त्याच्या दातांकडे बघितलं.

दाढीवाल्याने नकळत तोंड मिटलं. मग सावरून, जरा ओठ आवळूनच, विचारलं, "या ना, या. चहा घेणार की कॉफी?"

"माझं काय, तुम्हाला बरं वाटेल ते करा."

कीबोर्डचा आवाज बंद झाला. दलदलबाईचं चित्र काढणारी मुलगी खुर्चीत गर्रकन वळली, डॉक्टरबाईंकडे बघितलं, स्वतःच्या स्क्रीनकडे बघितलं, आणि मग जिथे बघायला हवं तिथे, म्हणजे टेबलाखाली बघितलं. हळूहळू सगळेच तिकडे बघू लागले.

जावई बाहेर आला. डोकं टेबलाला आपटलं, पण त्याचं त्याला भान नव्हतं. "आई? तुम्ही?"

"हो. तुम्ही कसे आहात, चिलखत?"

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" दाढीवाल्याने विचारलं.

"हे आमचे जावई," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दाढीवाल्याने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि जवळच्या खुर्चीत बसून पोट धरधरून हसला. चित्रवाली मुलगी तर रडायलाच लागली हसून. जावयाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं.

सगळे हसून दमल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "आई, मला माफ करा. ती लाथ..."

"लाथेचं राहू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बुडबुडे कोणाची कल्पना?"

"माझीच."

"तेवढं आगाऊपणाचं होतं. बाकी बाई चांगली जमली आहे. बसा आता. मी दलदलबाई, तुम्ही चौघं."

ऑफिसातले सगळे भोवती गोळा झाले. जावई पहिल्यांदा मुद्दाम हरायला लागला, पण दोनच चालींत डॉक्टरबाईंनी माउस खाली ठेवला. "असं खेळायचं असेल तर मी जाते. पेशंट आहेत." तेव्हा त्याने बाह्या सरसावल्या. मग लढाई अशी रंगली की कोणाला चहाची आठवण राहिली नाही. त्याने धनुर्धारीला बळी देऊन दलदलबाईला पुढे ओढलं, तिने धुकं सोडून त्याचा भालाईत आंधळा केला. शेवटी त्याने वैद्याला, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, मागच्या ओंडक्यावर चढवलं आणि दलदलबाईला कोंडीत पकडलं. ती हरली.

डॉक्टरबाईंनी पटाकडे नीट बघितलं. "वैद्य," त्या म्हणाल्या. "मी त्याला मोजलंच नाही." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं जावयाने लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या भागात दलदलबाईला आवाजही डॉक्टरबाईंनीच दिला. मोबदल्यात त्यांनी वैद्याच्या हालचाली बदलून घेतल्या. जखमी माणसावर झुकताना वैद्य अंधार करून उभा राहतो, असल्या वैद्याला मी दवाखान्यात पाऊल ठेवू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर खडाजंगी झाली. जावई म्हणाला, तत्त्वतः खेळात उजेड नसतोच. त्या म्हणाल्या, मग आणा.

आता रविवारी त्या आल्या की दोघं एकाच बाजूने खेळतात. एकदा नव्या किल्ल्याच्या पुलावर चहूबाजूंनी वेढा पडला होता आणि डॉक्टरबाई ओरडत होत्या, "अरे मागे घे, मागे घे त्याला, आंधळा आहेस का?" जावई म्हणत होता, "थांबा हो आई, मला विचार करू द्या." पूल एकदाचा सुटला तेव्हा घर फार शांत असल्याचं दोघांच्या लक्षात आलं. खोल्या बघितल्या. मुलीच्या बाहेरच्या चपला दारात नव्हत्या. जावयाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मी सिनेमाला आलेय, मैत्रिणीबरोबर," बातम्यांच्या सुरात उत्तर आलं. "तुम्हाला तीनदा सांगितलं. तुमचं चालू द्या."

"जेवायला येशील ना?" आईने विचारलं.

"बघू," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

"बघितलंत?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आवाज न चढवता माणसाला कसं गार करते. कोणाकडून शिकली असेल?"

जावयाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग शहाण्यासारखं मिटलं, आणि धनुर्धारीला एक घर पुढे सरकवलं.